एकशे चौदा नावांचे खांडवे

नरहर विष्णू खांडवे यांना मी भीत असे. यात त्यांचं विशेष कौतुक नाही. मी भितो अशा माणसांची यादी लांबलचक आहे. आमच्या सोसायटीच्या गेटवरचा गार्ड, ऑफिसातल्या एच.आर.च्या मॅडम, कुठलाही दंतवैद्य आणि माझी बायको अनघा. क्रम दिवसागणिक बदलतो. पण या सगळ्यांना मी काहीतरी चूक केल्यावर भितो. खांडव्यांना चूक करण्याच्या आधीच भीत असे, कारण ती आपल्या हातून होणार याची मला खात्री असे आणि त्यांना माझ्याहून जास्त.

आमची ओळख झाली ती बंधुसभेत. दिल्लीत सरकारी नोकऱ्यांसाठी आलेल्या मराठी कारकुनांनी कधी काळी काढलेली ही संस्था. परमुलखात अडीअडचणीला एकमेकांच्या उपयोगी पडायचं, एवढाच तिचा उद्देश. पण नुसत्या उपयोगावर माणसं टिकत नाहीत हे त्या कारकुनांना ठाऊक असावं, म्हणून त्यांनी तिला थोडं गूढ चिकटवून ठेवलं. सभासदांनी एकमेकांना बंधू म्हणायचं. वर्षातून एकदा, जानेवारीत, विभागीय मेळावा भरतो. त्याला दिल्ली, नोएडा, मेरठ, पानिपत, अंबाला अशा शाखांचे लोक येतात. त्या दिवशी खांद्यावरून निळा पट्टा घ्यायचा. दारात द्वारपाल उभा असतो, त्याच्याकडे मोबाइल जमा करायचा आणि त्याच्या कानात त्या वर्षीचा परवलीचा शब्द सांगायचा. मग आत.

माझ्या पहिल्याच मेळाव्याला मी तो शब्द विसरू नये म्हणून मोबाइलमध्ये लिहून ठेवला होता. मोबाइल द्वारपालाच्या पिशवीत गेला तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"शब्द?" द्वारपाल म्हणाला.

मी त्याच्या कानात "बंधुभाव" म्हटलं. त्याने मान हलवली. मग "एकता" म्हटलं, "शिस्त" म्हटलं, शेवटी "यार, जाने दो ना" म्हटलं. तेवढ्यात आतून एक सडपातळ, ताठ म्हातारा आला. इस्त्रीचा पांढरा सदरा, निळा पट्टा, आणि माणसाच्या आरपार जाऊन मागच्या भिंतीवरचं घड्याळ वाचावं तशी नजर.

"नाव?"

"पोतदार."

"हे आडनाव झालं. नाव?"

"हेमंत पोतदार."

"वडील नव्हते?"

"हेमंत यशवंत पोतदार. नोएडा शाखा."

"हेमंत यशवंत पोतदार, आपण बाहेर थांबा," ते म्हणाले आणि दार लावून घेतलं. मी अडीच तास त्या हॉलच्या पायऱ्यांवर, जानेवारीच्या गारठ्यात, पट्टा घालून बसलो. येणारे-जाणारे मला बँडवाल्यांपैकी समजून लग्न कुणाचं ते विचारत होते. जेवणाची वेळ झाली तेव्हा तेच गृहस्थ वाढलेलं ताट घेऊन बाहेर आले आणि माझ्या शेजारी पायरीवर बसले.

"शब्द विसरलात म्हणून सभा नाही," ते म्हणाले. "भुकेला शब्द लागत नाही. जेवा."

हेच खांडवे. माझं जेवण होईपर्यंत ते तिथेच बसले. दोनदा आत जाऊन माझ्यासाठी गरम पुऱ्या मात्र घेऊन आले.

खांडवे एका मंत्रालयात स्टेनो होते. साहेब लोक बोलायचे, ते लिहून घ्यायचे. छत्तीस वर्षं. त्यामुळे कागदाशी त्यांचं वैरच होतं म्हणा ना. "आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं कागदावर उतरवलं," ते म्हणत, "आपल्या माणसांची नावं तरी कागदाशिवाय घ्यावीत." बंधुसभेत ते स्मरणकार होते. स्मरणकाराचं काम वर्षातून एकदाच, पण त्या एकदाची धास्ती वर्षभर.

मेळाव्याच्या शेवटी, जेवणाआधी, साखळी होते. सगळे बंधू वर्तुळात उभे राहून हात धरतात आणि डोळे मिटतात. स्मरणकार विभागातल्या प्रत्येक हयात बंधूचं नाव घेतो. पूर्ण नाव, शाखा, ठरल्या क्रमाने, हातात चिटोरंही न घेता. ज्याचं नाव त्याने "आहे" म्हणायचं. कुणी आलेला नसला तर त्याच्या शाखेतल्या कुणीतरी म्हणायचं. मग स्मरणकार तीनदा विचारतो, "कुणी राहिलं?" राहिलं असेल तर राहिलेल्यानेच बोलायचं, दुसऱ्याने त्याच्या वतीने तोंड उघडायचं नाही. आणि खरंच राहिलं असेल, तर स्मरणकाराने तिथल्या तिथे आपला पट्टा उतरवून टेबलावर ठेवायचा. काही चर्चा नाही. शेवटी त्या वर्षी वारलेल्यांची नावं. त्यांच्यासाठी सगळ्यांनी मिळून म्हणायचं, "आहे."

यावर एक जुनी समजूतही होती. कुठे लिहिलेली नव्हती, पण सगळ्यांना पाठ होती. साखळीत ज्याचं नाव राहतं, तो पुढच्या साखळीला नसतो. सुशिक्षित लोक या गोष्टीवर हसायचे आणि आपलं नाव येईपर्यंत श्वास धरून ठेवायचे.

खांडव्यांनी एकतीस वर्षं एकही नाव सोडलं नव्हतं. एकदा त्यांच्याच मंत्रालयातले एक बडे अधिकारी सभासद झाले. खांडवे रोज त्यांच्यासमोर वही घेऊन बसायचे. साखळीत साहेबांचं नाव आलं, साहेब सवयीने म्हणाले, "येस."

खांडव्यांनी पुन्हा नाव घेतलं.

"येस, येस."

खांडव्यांनी तिसऱ्यांदा, तितक्याच शांतपणे, बापाच्या नावासकट नाव घेतलं. मग साहेब म्हणाले, "आहे." दुसऱ्या दिवशी खांडवे नेहमीसारखे वही-पेन्सिल घेऊन त्यांच्या केबिनबाहेर उभे होते. साहेबांनी त्यांना पहिल्यांदाच बसायला खुर्ची दिली, असं म्हणतात. खांडव्यांना विचारलं तर ते म्हणाले, "खुर्ची आधीही होती. त्यांना दिसली नव्हती."

एवढी नावं त्यांच्या डोक्यात राहतात कशी, याचा शोध मला मेट्रोत लागला. ते राहायचे मयूर विहारमध्ये, दर रविवारी ब्लू लाइनने करोलबागला शाखेत जायचे. मी नोएडाहून येताना एकदा त्याच डब्यात होतो. पाहतो तर प्रत्येक स्टेशनला दार उघडलं की हे दाराकडे बघून ओठ हलवताहेत. मला वाटलं जप चाललाय. जवळ गेलो तर, "वामन हरी गोरे, पानिपत. सुभाष रघुनाथ काळे, पानिपत..."

"काका, हे काय?"

"लोकांना गाडीत घेतोय," ते म्हणाले.

प्रत्येक शाखा त्यांनी एकेका स्टेशनवर उभी करून ठेवली होती. यमुना बँकला पानिपतवाले, इंद्रप्रस्थला मेरठ, प्रगती मैदानला अंबाला, मंडी हाउसला आम्ही नोएडाचे. दिल्ली शाखा मोठी, म्हणून राजीव चौक. "तिथे गर्दी असतेच, पाच-पन्नास जास्त झाले तर कळत नाही." दार उघडायचं, माणसं आपल्या क्रमाने चढायची, दार बंद. पुढे प्रगती मैदानचं नाव बदलून सुप्रीम कोर्ट झालं, तेव्हा दिल्लीत सगळ्यात जास्त हाल याच माणसाचे झाले असतील. "अंबाल्याची एकोणीस माणसं आहेत तिथे," ते हताश होऊन म्हणाले. "ती अजून प्रगती मैदानलाच उभी आहेत. कोर्टात यायला एकही तयार नाही."

मी खूप हसलो होतो. तो विनोद नव्हता हे मला नंतर कळलं.

गेल्याच्या गेल्या वर्षी, दिवाळीनंतरचा एक रविवार. आम्ही दोघं त्याच गाडीत. यमुना बँक गेलं, पानिपतवाले चढले. इंद्रप्रस्थ आलं. दार उघडलं. खांडव्यांचे ओठ हललेच नाहीत. ते उघड्या दाराकडे बघत राहिले. दार बंद झालं, गाडी निघाली, आणि त्यांनी मधला खांब दोन्ही हातांनी असा धरला की बोटं पांढरी पडली.

"अहो," ते मला म्हणाले, "इथे कुणीच नाहीये."

"कुठे, काका?"

"फलाटावर. सगळा फलाट रिकामा आहे."

फलाटावर रविवारची तुफान गर्दी होती. मी काय करावं? मी म्हटलं, "पुढच्या गाडीने येतील." अशा प्रसंगी माझ्या तोंडून नेहमी असलंच काहीतरी निघतं. पण त्यांनी माझ्याकडे इतक्या आशेने पाहिलं की मला माझ्या विनोदाची भीती वाटली.

त्यांनी त्याच आठवड्यात मला घरी बोलावलं. तिसऱ्या मजल्यावरचा, दोन खोल्यांचा फ्लॅट. काकूंनी पोहे आणून ठेवले आणि त्या आत न जाता दारातच उभ्या राहिल्या.

"डॉक्टरकडे जात नाहीत," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं मला 'सुमन' म्हणून हाक मारायचे. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याला पण माझं नाव माहीत झालं होतं. दिवाळीपासून नुसतं 'अगं'."

खांडवे बशीतल्या पोह्यांकडे बघत होते. "मेळाव्यापुरतं," ते म्हणाले. "हा एक मेळावा नीट होऊ दे. बत्तिसावा. मग मी स्वतः सांगून उतरेन. पण साखळीत एखादा माणूस माझ्या हातून सुटून, सगळ्यांसमोर पट्टा काढून ठेवायचा... ते नको. ज्याला सोडलं त्याला वर्षभर काय वाटेल, विचार करा."

योजना अशी होती. साखळीत मी त्यांच्या डाव्या हाताला उभं राहायचं. ते अडले की माझा हात दाबतील. मी पुढचं नाव कुजबुजायचं. त्यासाठी मी एकशे चौदा नावं पाठ करायची. मी! ज्याने स्वतःच्या लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला "आज काय स्पेशल?" असं विचारलं होतं.

"काका, दुसरं कुणीतरी..."

"दुसऱ्या कुणाला विचारलं तर त्यांना कारण सांगावं लागेल," ते म्हणाले. "तुम्ही इंद्रप्रस्थला होतात. तुम्हाला ठाऊकच आहे."

मी हो म्हटलं. त्या दिवसापासून मला झोप लागेना. माझं ऑफिस गुरुग्रामला, जाऊन-येऊन तीन तास मेट्रोत. मी पण खांडव्यांच्याच पद्धतीने माणसं फलाटांवर उभी केली आणि रोज सकाळ-संध्याकाळ त्यांना गाडीत घेऊ लागलो. घरी अनघा प्रश्न विचारायची. "मेरठचा चौथा?" "अंबाल्याचा शेवटून दुसरा?" मी धडाधड सांगायचो. "बिल्कुल बरोबर," ती म्हणायची, "आता आपल्या मुलीची शाळेतली तुकडी सांग." ती मला सांगता आली नाही. पण एकशे चौदाचं ओझं डोक्यात असलेल्या माणसाकडून किती अपेक्षा करायची?

एक गोष्ट मात्र मला आवडत होती. पूर्वी खांडवे मला प्रत्येक वेळी "हेमंत यशवंत पोतदार" म्हणायचे, शिक्षा सुनावल्यासारखे. आता ते नुसतं "अहो" म्हणत. मला वाटलं, जवळीक वाढली.

मेळावा पानिपतला होता. सकाळी सहाला माझ्या गाडीतून निघालो. हायवेवर धुकं असं की समोरच्या ट्रकचे दिवे अंगावर आल्यावरच दिसत. खांडवे शेजारी बसून हळू आवाजात नावं म्हणत होते आणि मध्येच थांबत होते. ते थांबले की मी ब्रेकवर पाय ठेवायचो. का, ते विचारू नका. मुरथलपर्यंत माझ्या मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून मला वेडं केलं.

हॉलच्या दारात द्वारपाल होता सुभाष काळे. पानिपतमध्येच जन्मला, वाढला, बाजारात दरी-चादरींचं, म्हणजे सतरंज्यांचं दुकान. त्याचं मराठी त्याच्या दुकानातल्या दऱ्यांसारखं, ताणा एका भाषेचा, बाणा दुसरीचा. "आओ आओ, दिल्लीकर! शब्द बोल दो कान में." मला शब्द आठवला. मला सगळं आठवत होतं.

साखळी सुरू झाली. माझ्या उजव्या हातात खांडव्यांचा हात, कोरडा, थंड. डाव्या हाताला आमच्याच शाखेचे केळकर. डोळे मिटले. खांडव्यांचा आवाज लागला, आणि मला वाटलं आपण उगीच घाबरलो. पानिपतवाले एकामागून एक चढले. "आहे." "आहे." "आहे." इंद्रप्रस्थ आलं. मी मेरठची नावं जिभेवर तयार ठेवली. पण मेरठचा पहिला चढला, दुसरा चढला, फलाट भरलेला होता. अंबाला सगळं चढलं. मंडी हाउस. आमची शाखा. "अरविंद मुकुंद केळकर, नोएडा."

"आहे," माझ्या डावीकडून केळकर म्हणाले.

आणि खांडव्यांनी माझा हात दाबला.

काय सांगू, नाव तयार होतं! जिभेच्या टोकावर होतं! अडीच महिन्यांची मेहनत! मी कुजबुजलो, "संतोष बाबूराव जाधव."

"संतोष बाबूराव जाधव, नोएडा."

"आहे."

गाडी सुटली. पुढे राजीव चौकची एवढी गर्दी, पण एकदाही हात दाबला गेला नाही. शेवटचं नाव झालं. मी घामाने निथळत होतो आणि मनातल्या मनात स्वतःच्या पाठीवर थापा मारत होतो.

"कुणी राहिलं?" खांडव्यांनी विचारलं.

केळकरांनी माझा हात दाबला. मला वाटलं त्यांना आमची योजना कळली, अभिनंदन करताहेत. मीही त्यांचा दाबला.

"कुणी राहिलं?"

अध्यक्ष दोनदा खोकले. मला वाटलं पानिपतची थंडी. केळकरांनी आता इतक्या जोरात दाबला की माझी अंगठी रुतली. म्हटलं, भावनाप्रधान माणूस आहे.

"कुणी राहिलं?"

मी डोळे आणखी घट्ट मिटले. मग खांडव्यांनी वारलेल्यांची तीन नावं घेतली, आम्ही सगळे "आहे" म्हणालो, आणि डोळे उघडले. सगळा हॉल माझ्याकडे बघत होता.

जेवताना एकेक जण यायचा, माझा खांदा दाबायचा आणि काही न बोलता जायचा. मेरठचे एक वृद्ध बंधू तर डोळे पुसत होते. मी नम्रपणे हसत होतो. म्हटलं, बाहेर आलेलं दिसतंय, पण लोक कौतुकच करताहेत. शेवटी सुभाष काळे कढी-चावलाचं ताट घेऊन माझ्या शेजारी बसला.

"मान गए यार, पोतदार. इतना बडा दिल! मैं होता ना, तर मी बोललो असतो."

"काय बोलला असतास?"

"की माझं राहिलं म्हणून. अपना नाम राहिल्यावर कोण गप्प बसतं? वो भी साखळीत?"

मी ताट खाली ठेवलं. मी मनातल्या मनात मंडी हाउसला परत गेलो. केळकर, जाधव. केळकर, जाधव. रोज सकाळ-संध्याकाळ मी हाच क्रम घोकला होता. सगळे फलाटावर उभे होते आणि मी त्यांना आत घेत होतो. गाडीतल्या माणसाला कोण मोजतं? एकशे चौदा म्हणून मी एकशे तेरा नावं पाठ केली होती. आणि त्या बिचाऱ्या माणसाने माझा हात दाबून माझ्याकडे माझंच नाव मागितलं होतं. त्या अख्ख्या हॉलमध्ये माझं नाव राहिलं हे दोनच माणसांना कळलं नव्हतं. एक विसरलेला, आणि एक मूर्ख.

मी प्रथम घाबरलो, ते खरं सांगायचं तर स्वतःसाठी. पुढच्या साखळीला नसतो, पुढच्या साखळीला नसतो, असं कानात वाजायला लागलं. मग मी समोर पाहिलं. खांडवे पंगतीत बसून दुसरी जिलेबी घेत होते. मी त्यांना गोड खाताना कधी पाहिलं नव्हतं. चेहरा परीक्षा संपलेल्या मुलासारखा. शेजारच्यांना सांगत होते, "बत्तिसावी झाली." आणि शेजारचे, ज्यांना सगळं ठाऊक होतं, मान डोलावत होते.

दुपारी परत निघालो. धुकं विरलं होतं. मला बोलायचं नव्हतं, त्यांना थांबायचं नव्हतं.

"अहो, तुम्ही एकदाच सांगितलंत, पण काय वेळेवर सांगितलंत!" ते म्हणाले. आणि नुसत्या आनंदापोटी त्यांनी यादी पुन्हा पहिल्यापासून म्हणायला घेतली. मोठ्याने, जणू गाणं. बोटांच्या पेरांवर मोजत. पानिपत झालं. मेरठ झालं. मी स्टिअरिंग घट्ट धरून बसलो होतो. हे लांबून येणाऱ्या गाडीसारखं होतं, दिसतंय, टळत नाहीये. अंबाला झालं. "अरविंद मुकुंद केळकर. संतोष बाबूराव जाधव." सुळकन पुढे गेले. मी सुस्कारा सोडला आणि लगेच त्या सुस्काऱ्याची लाज वाटली. राजीव चौक संपलं. मग ते बोटांकडे बघत राहिले.

"एकशे तेरा," ते म्हणाले.

मी गिअर बदलला.

"एकशे चौदा हवेत. एक कुठे गेला?"

"मोजण्यात चुकलं असेल, काका."

"सकाळी," ते सावकाश म्हणाले, "केळकरांचा 'आहे' तुमच्या पलीकडून आला. तुमचा माझ्या कानाशी यायला हवा होता. तो मी ऐकला नाही."

"मी हळू म्हटलं."

"तुम्ही? हळू?"

छत्तीस वर्षं दुसऱ्यांचा शब्द न् शब्द टिपलेल्या माणसापुढे खोटं बोलणं सोपं नसतं. मी सगळं सांगून टाकलं. ट्रकच्या मागे गाडी ठेवून, समोर बघत, एका दमात.

"बाकीच्यांना कळलं होतं?"

"सगळ्यांना."

"कुणी काही बोललं नाही?"

"नियम आहे ना, काका. राहिलेल्यानेच बोलायचं."

"आणि राहिलेल्याला कधी कळलं?"

"कढी खाताना."

ते हसले. त्यांना मोठ्याने हसताना मी तेव्हा प्रथमच ऐकलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, मग नुसतं पाणीच राहिलं. "मी दुसऱ्याचं विसरलो," ते म्हणाले, "पण तुमची कमाल आहे!" मग ते अगदी लहान आवाजात म्हणाले, "तुमचं नाव अजून येत नाहीये मला. तुम्ही कोण ते सगळं ठाऊक आहे. पायरीवर पुऱ्या खाल्ल्यात तुम्ही. सात की आठ. पण नाव..."

"काका, माझं नाव..."

"सांगू नका!" ते ओरडले. गाडी हलली. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "सांगू नका. सांगितलंत तर ते तुम्ही दिलेलं होईल. मला शोधू द्या. येईल."

तिथून मयूर विहार सव्वा तास. तेवढा वेळ हा माणूस माझ्या शेजारी बसून मला शोधत होता. ओठ हलायचे, मध्येच नकारार्थी मान हलायची. मी माझं नाव दातांखाली धरून बसलो होतो. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नाही. मी तिथेच बसलो होतो, अंगावर स्वेटर होता, पायाखाली क्लच होता, आणि तरी मी कुठेतरी हरवलो होतो आणि सापडेन की नाही हे दुसऱ्या कुणाच्या तरी हातात होतं.

नंतरचं आधीच सांगतो. त्यांनी दुसऱ्याच दिवशी पट्टा कुरियरने अध्यक्षांकडे पाठवला. सोबत कारण नव्हतं. महिन्याभरात त्यांची मुलगी दोघांना बंगळुरूला घेऊन गेली. काकूंचा अधूनमधून फोन यायचा, तो दिवाळीनंतर वेगळ्या कारणासाठी आला. साखळीत राहिलो होतो मी, आणि गेले ते. या जानेवारीत नावं कागदावरून वाचली गेली. एकही सुटलं नाही. शेवटी त्यांचं आलं, आणि आम्ही सगळे मिळून "आहे" म्हणालो. माझा आवाज फुटला नाही, हे केळकरांनी कुणाला सांगितलं नाही.

पण मला दिसतात ते त्या दुपारचे. मी त्यांना त्यांच्या बिल्डिंगखाली उतरवलं. ते निरोप न घेता जिन्याकडे गेले, ओठ हलतच होते. मी गाडी वळवली, पण निघवेना. काच खाली करून वर बघत राहिलो. पाच मिनिटं गेली असतील. तिसऱ्या मजल्यावरचं बाल्कनीचं दार धाडकन उघडलं आणि खांडवे कठड्याशी आले. निळा पट्टा अजून खांद्यावर होता. मागून काकू शाल घेऊन धावत होत्या. त्यांनी दोन्ही हात वर केले, चेहरा असा उजळलेला की काय सांगू, आणि सगळी सोसायटी ऐकेल अशा, साखळीतल्या त्या खणखणीत आवाजात ते ओरडले,

"सापडलं! दिनकर सखाराम रेगे!"

हा माणूस कोण, मला ठाऊक नाही. एकशे चौदांत तो नव्हता. वारलेल्यांत नव्हता. काकूंनाही तो आठवत नाही.

खांडवे कठड्यावर ओणवे होऊन माझ्याकडे बघत थांबले होते.

मी गाडीतून उतरलो, मान वर केली आणि जमेल तेवढ्या मोठ्याने म्हणालो, "आहे!"